पानाच्या माथ्यावरचा आकडा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून काही जणांचा हात रेडिओच्या बटणाकडे जाईल, म्हणून आधीच विनंती करतो, पाच मिनिटं थांबा. विषय आहे संगणकाच्या स्मरणात मांडलेल्या खणांचा. प्रोग्रॅम लिहिणारे त्याला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. पण माझी गोष्ट सुरू होते ती मालवणजवळच्या एका गावात, मच्छीमारांच्या एका सोसायटीच्या कचेरीत. एका सरळ माणसावर आळ आला होता, आणि तो माझ्यामुळे आला होता.

साल १९९६. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका संस्थेत मुलांना संगणक शिकवत होतो. संगणक ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, काम संपलं की त्याच्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवायची, आणि पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेनं त्याचं काही होऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. या सोसायटीनं हौसेनं एक संगणक घेतला आणि हिशेबाचा प्रोग्रॅम करून द्याल का, म्हणून मला विचारलं. मानधन ठरलं नव्हतं. हंगामात अधूनमधून घरी सुरमई पोचायची, त्यातच मी खूश होतो.

सोसायटीचा हिशेब तसा सरळ. सभासदाला डिझेल, बर्फ, जाळं यासाठी उचल द्यायची, आणि मासळी विकली की त्यातून ती वळती करायची. हे सगळं तात्या बघायचे. तात्या म्हणजे सोसायटीचे कारकून. त्यांच्या लांबट वह्या, लाल कापडात बांधलेल्या, कपाटात ओळीनं लावलेल्या असत. संगणक आला तरी तात्यांनी वही सोडली नाही. दिवसभर वहीत लिहायचं आणि संध्याकाळी, वीज असली तर, तेच संगणकात भरायचं. मी एकदा हसत म्हटलं, ‘‘तात्या, आता दोन-दोनदा कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘मास्तर, तुमचा संगणक नवा आहे. माझी वही जुनी आहे. काही दिवस दोघांना शेजारी बसू देत.’’

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. महिनाअखेरीला छपाईयंत्र कर्रकर्र करत खात्यांचे उतारे काढू लागलं. तेव्हा एक मासे विकणारी मावशी कचेरीत आली. तिच्या नावावर मागील बाकी होती १५५ रुपये. उताऱ्यावर छापून आले ७४०. ती म्हणाली, ‘‘इतके पैशे मी घेतलंयच नाय. तुमचो काँप्युटर चुकता.’’

श्रोतेहो, त्या वेळी मी तिथं हजर होतो आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं, ‘‘मावशी, संगणक चुकत नाही. त्यात जे भरलं जातं तेच तो छापतो.’’

वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण त्याचा अर्थ कचेरीतल्या प्रत्येकानं एकच काढला. संगणक चुकत नसेल, मावशीनं पैसे घेतले नसतील, तर मधले ५८५ रुपये कुठं गेले? आकडे भरणारा माणूस एकच होता. पुढच्या सभेत तात्यांकडून पेटीची किल्ली काढून घेतली. चोर असं कुणी म्हणालं नाही. पण तात्या संध्याकाळी बंदरावरच्या कट्ट्यावर बसायचे, ते बसायचे बंद झाले.

आता तो ५८५ रुपयांचा घोळ कसा झाला, हे समजायचं तर खणांकडे वळायला हवं.

आपल्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. सात वाट्या. मोहरी पहिल्या वाटीत, जिरं दुसऱ्या, हळद तिसऱ्या. अ‍ॅरे म्हणजे हेच. संगणकाच्या स्मरणात ओळीनं मांडलेले सारखे खण, प्रत्येकाला क्रमांक. प्रोग्रॅम लिहिताना आधी जाहीर करायचं की मला इतके खण हवेत. या जाहीर करण्याला ‘डिक्लरेशन’ म्हणतात. सात म्हटलं की सात मिळाले. पण तुम्ही आठव्या खणात हळद टाकायला गेलात तर काय होईल? घरच्या डब्यात हात कडेला आपटेल. संगणकाच्या स्मरणाला अशी कड नसते. सातव्या खणाच्या पुढं लगेच शेजाऱ्याचा डबा सुरू होतो. तुमची हळद त्याच्या साखरेत पडते, आणि कुणालाही आवाज येत नाही.

मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता तिचं नाव ‘सी’. डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली. त्या काळच्या यंत्रांचं स्मरण इतकं तुटपुंजं होतं की आजच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावला नसता. त्यामुळे प्रत्येक वेळी ‘हा खण तुझाच आहे ना?’ असं विचारत बसणं परवडणारं नव्हतं. लिहिणाऱ्याला आपले खण किती ते ठाऊक आहे, असं सी भाषा धरून चालते. या विश्वासामुळे ती वेगवान झाली आणि जगभर पसरली. आपल्याकडेही नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’नं किती पिढ्या तयार केल्या! निळ्या पडद्याचं टर्बो सी आणि बाजूला ते पुस्तक, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, डोळे मिटून सांगेल.

आता अडचण अशी येते. सोसायटीतल्या एका सभासदाच्या महिन्याला चार नोंदी, दुसऱ्याच्या चाळीस. प्रत्येकाला चाळीस खण दिले तर जागा वाया जाते, आणि चारच दिले तर पुरत नाहीत. यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये एक युक्ती प्रसिद्ध होती. खात्याचा नमुना लिहायचा. सुरुवातीला मागील बाकी, मग नाव, आणि शेवटी नोंदींचे खण. किती खण? तर ‘एक’. लिहायचं एक, पण प्रत्यक्षात स्मरणातून जागा मागून घेताना लागेल तेवढी जास्त मागायची आणि बिनधास्त दुसऱ्या, तिसऱ्या, चाळिसाव्या खणात लिहायचं. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर नाव एकाचं असतं आणि येतं सगळं घर, तसंच हे. मी ही युक्ती मोठ्या अभिमानानं वापरली होती.

मात्र जागा मागताना एक हिशेब करावा लागतो. नमुन्यात एक खण आधीच धरलेला आहे, म्हणून एकूण नोंदींतून एक वजा करून उरलेल्यांची जागा मागायची. महिन्याच्या मध्येच एखाद्या खात्यात दुरुस्तीची नोंद घालायची झाली तर ती वाट मी वेगळी लिहिली होती, आणि तिथं माझ्या हातून एक दोनदा वजा झाला होता. म्हणजे बारा नोंदी आणि जागा अकरांची. बारावी नोंद गेली शेजारच्या खात्याच्या पहिल्या खणात. आणि पहिल्या खणात काय होतं? मागील बाकी.

हे मी शोधून काढलं असं सांगायला मला आवडलं असतं. शोधलं तात्यांनी. दिवाळीच्या आधी ते रात्री माझ्या घरी आले, काखेत लाल बासन. म्हणाले, ‘‘मास्तर, हे सातशे चाळीस माझ्या ओळखीचे आहेत.’’ त्यांनी वही उघडली. मावशीच्या आधीचं खातं एका होडीवाल्याचं. त्याच्या बर्फाच्या बिलात चूक झाली होती, म्हणून दुरुस्तीची नोंद होती. रक्कम ७४०. पानावरची शेवटची, बारावी. एकच रक्कम दोन घरांत राहत होती.

मी त्यांना विचारलं, बारावी आहे हे इतक्या झटकन कसं सांगितलंत? त्यांनी पानाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘नोंदी १२’. प्रत्येक पानावर असा आकडा होता. नवी नोंद घालायच्या आधी तात्या माथ्यावरचा आकडा खोडून नवा लिहीत, मगच खाली नोंद करीत. वडिलांनी तशी सवय लावली होती. ‘‘पानावर किती माणसं राहतात ते दारावरच लिहिलेलं बरं. मग रात्रीत कुणी घुसला तर कळतं.’’ आणि प्रत्येक रकमेखाली अक्षरी लिहिलेलं, रुपये सातशे चाळीस मात्र. तो ‘मात्र’ आपण चेकवर सवयीनं लिहितो. त्याचं काम एवढंच की त्याच्यापुढं कुणाला काही जोडता येऊ नये.

त्या रात्री दोन वाजता मला ती दोनदा केलेली वजाबाकी सापडली. पुढच्या सभेत मी उभा राहून चूक माझी असल्याचं सांगितलं. किल्ली परत मिळाली. मावशी एवढंच म्हणाली, ‘‘मगे मी काय सांगी होतंय?’’ पण तात्या कट्ट्यावर पुन्हा बसायला लागले ते थेट होळीनंतर. संगणक चुकत नाही हे माझं वाक्य गावात फार लवकर पसरलं होतं. चूक संगणकात होती हे पसरायला वेळ लागला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मी त्यातून चुकीचा धडा घेतला. मला वाटलं, दोष वजाबाकीत होता. वजाबाकी नीट केली म्हणजे झालं. ती युक्ती मात्र चांगली आहे. आणि पुढची पंधरा वर्षं मी ती युक्ती मुलांना शिकवत राहिलो, वर सांगायचो, ‘‘वजाबाकी सांभाळा बरं का!’’

दरम्यान बाहेर काय घडलं होतं? १९९९ साली सी भाषेचा नवा मानक आला. त्यात या अडचणीवर सरळ मार्ग दिला गेला. शेवटच्या खणांची संख्या आधी ठरलेली नसेल तर आकडा लिहूच नका, कंस रिकामा ठेवा. रिकामा कंस म्हणजे, ‘इथं किती येतील ते नंतर कळेल’ अशी उघड कबुली. याला लवचीक अ‍ॅरे म्हणतात. पण आमच्या प्रयोगशाळेत टर्बो सीच चालू होतं, आणि ते त्या मानकाच्या आधीचं. मीही नवं काही वाचायच्या फंदात पडलो नाही.

२०२३ साली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. मूळची आमच्याच भागातली. आता ती लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे ज्याला ‘कर्नल’ म्हणतात त्यावर काम करते. ख्यालीखुशाली झाली आणि ती हसत म्हणाली, ‘‘सर, राग मानू नका. पण तुम्ही शिकवलेलं खोडण्यात माझे तीन महिने गेले.’’

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली सुरू केलेली ही यंत्रणा. तिचा मजकूर सर्वांना खुला आहे आणि जगभरातली माणसं तो मिळून लिहितात. आपल्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी हाच कर्नल असतो. मालवणच्या बंदरावर पहाटे होडी लोटण्याआधी एखादा तांडेल फोनवर वाऱ्याचा अंदाज बघतो, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेनं दिलेली मासळीच्या जागांची सूचना बघतो, बँकेत पैसे आले का बघतो, तेव्हा त्या सगळ्याखाली सी भाषेतल्या या लाखो ओळी चालू असतात. कर्नलचा एकूण मजकूर तीन कोटी ओळींच्या वर गेला आहे. आणि त्यात माझ्यासारख्यांनी वापरलेली ती ‘एक’ लिहायची युक्ती, किंवा तिची धाकटी बहीण, ‘शून्य’ लिहायची युक्ती, जागोजागी पसरलेली होती.

मी तिला म्हटलं, ‘‘अगं, पण वजाबाकी बरोबर असेल तर बिघडलं कुठं?’’

तिनं जे उत्तर दिलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक दुभाषा असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आजचे कंपायलर नुसते दुभाषे नाहीत, ते पहारेकरीही आहेत. चार खण जाहीर केलेत आणि पाचव्यात हात घातलात तर ते ओरडू शकतात, चालू प्रोग्रॅम तिथंच थांबवू शकतात. पण हा पहारेकरी बसतो लग्नाच्या मांडवाच्या दाराशी. त्याला कळून चुकलेलं आहे की पत्रिकेवर एक लिहिलेलं असतं आणि पाच येतात. एकाला अडवलं तर यजमान रागावतात. त्यामुळे त्यानं वर्षानुवर्षं एक नियम करून ठेवला होता, शेवटच्या रांगेतल्या कुणालाच अडवायचं नाही. नमुन्याच्या शेवटी असलेला अ‍ॅरे, मग त्यावर एक लिहिलेलं असो, चार असो की सोळा, त्याला तो लवचीकच धरून चालायचा.

श्रोतेहो, मी जागच्या जागी बसलो. ज्यानं खरोखर चार लिहिले होते आणि ज्याला खरोखर चारच हवे होते, त्याच्याही दारावरचा पहारा उठला होता. कारण माझ्यासारख्यांच्या खोट्या आकड्यांमुळे खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवता येत नव्हता. माझी वजाबाकी बरोबर असती तरीही हे नुकसान झालंच असतं.

हे निस्तरायचं काम कसं चाललं ते ऐकण्यासारखं आहे. कीस कुक या अभियंत्यानं २०१५ साली कर्नलच्या आत्मसंरक्षणाचा एक प्रकल्प सुरू केला. एकेक चूक सापडली की बुजवत बसण्यापेक्षा त्या जातीच्या चुका होऊच नयेत अशी व्यवस्था करायची, ही त्यामागची कल्पना. त्यात गुस्ताव्हो सिल्व्हा यांनी ही जुनी डिक्लरेशनं बदलण्याचं काम हाती घेतलं. शून्य आणि एक लिहिलेले कंस हुडकायचे, रिकामे करायचे, तपासायचे, पुढच्याला पाठवायचे. वर्षानुवर्षं. त्यांच्यामागून अनेकांनी हात लावला, त्यात माझी विद्यार्थिनीही होती.

‘‘एकच्या जागी रिकामा कंस, एवढंच ना?’’ असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘सर, एवढंच असतं तर एका रात्रीत झालं असतं.’’

‘एक’ काढला की नमुन्याचं माप बदलतं, कारण त्यात धरलेला तो एक खण गेला. मग जिथं जिथं ‘एक वजा’ केलेलं आहे ती प्रत्येक जागा बदलावी लागते. एखादी राहिली तर माझ्या सोसायटीसारखा प्रकार. एखाद्यानं वजाबाकीच केलेली नसेल, तर तिथं इतकी वर्षं एक खण फुकट जात होता, तो कमी केला की दुसरीकडे कुणी त्या फुकटच्या खणावर अवलंबून आहे का ते बघावं लागतं. काही नमुने तर असे की कर्नलबाहेरचे प्रोग्रॅमही त्यांच्या मापावर विसंबून आहेत. ते बदलले तर लोकांचे चालू प्रोग्रॅम बंद पडतील, म्हणून तिथं जुनं माप तसंच ठेवून आत नवा कंस बसवण्याची वेगळी तजवीज करावी लागली. आणि हे करताना त्यांना काही ठिकाणी जुन्या चुका सापडल्या, ज्या तोवर कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. जुनं घर उतरवताना भिंतीत साप निघावा, तसं.

अखेर साफसफाई बरीच झाल्यावर पहारेकऱ्याला नवा हुकूम देता आला. रिकामा कंस असेल तोच लवचीक, बाकी जिथं आकडा लिहिला आहे तो आकडा खरा धरायचा. जीसीसी आणि क्लँग या दोन प्रमुख कंपायलरांच्या २०२३ सालच्या आवृत्त्यांत ही सोय आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या लिनक्स ६.५ मध्ये ती संपूर्ण कर्नलला लागू झाली. ज्यांनी खरे आकडे लिहिले होते त्यांच्या दारावर पहारा परत बसला.

पण रिकाम्या कंसाचं काय? तिथं तर आकडाच नाही. मग पहारेकरी मोजणार कशाच्या आधारे?

याचं उत्तर तिनं सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बहुतेक नमुन्यांत वरच्या बाजूला कुठंतरी संख्येचा एक खण असतोच, किती नोंदी आहेत ते सांगणारा. फक्त तो या खालच्या खणांचा मोजदादीचा आकडा आहे, हे कंपायलरला ठाऊक नसतं. आता डिक्लरेशनच्या शेजारी एक खूण लिहायची, ‘या खणांची संख्या त्या वरच्या आकड्यात आहे’. इंग्रजीत त्या खुणेचं नाव आहे ‘काउंटेड बाय’. क्लँगमध्ये ती २०२४ साली आली, जीसीसीमध्ये २०२५ साली. तेवढी खूण केली की पहारेकरी प्रत्येक वेळी माथ्यावरचा आकडा बघतो आणि बारा असतील तर तेराव्याला दाराशीच थांबवतो.

आणि यात एक पथ्य आहे. खणांना हात लावण्याच्या आधी तो वरचा आकडा भरलेला पाहिजे. आधी नोंद लिहिली आणि आकडा नंतर बदलला, तर पहारेकरी खऱ्या पाहुण्यालाच अडवणार. माझी विद्यार्थिनी म्हणाली, कित्येक ठिकाणी ओळींची अदलाबदल करावी लागली, आकडा आधी, नोंद नंतर. मी म्हटलं, ‘‘तात्या असंच करायचे.’’ ‘‘कोण तात्या?’’ मग तिला ही सगळी गोष्ट सांगितली.

तुम्ही म्हणाल, सोसायटीचे ५८५ रुपये ठीक, पण याचं एवढं काय? म्हणून दोनच दाखले देतो.

२०१४ सालच्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीला आली. संकेतस्थळांशी होणारं आपलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपन-एसएसएल या प्रणालीत ती होती. समोरच्यानं एक निरोप पाठवायचा आणि त्याची लांबी सांगायची, मग यंत्रानं तोच निरोप परत करायचा, अशी पद्धत होती. निरोप पाठवला चार अक्षरांचा आणि लांबी सांगितली हजारो अक्षरांची, तर यंत्र ती लांबी खरी धरून चार अक्षरांच्या पुढं स्मरणात जे काही पडलं असेल, कुणाचे पासवर्ड, कुणाच्या किल्ल्या, ते सगळं उचलून देत असे. आकडा लिहिलेला होता, पण तो खऱ्या मालाशी कुणी ताडून पाहिला नव्हता.

दुसरा दाखला तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीतला. १९ जुलै २०२४. विमानतळावर यंत्रं बंद पडली आणि आपल्या देशात प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सुधारणेमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. त्या कंपनीच्याच अहवालात कारण दिलेलं आहे. प्रोग्रॅमला वीस खण दिलेले होते, आणि नव्या सुधारणेनं एकविसावा वाचायला सांगितला. ती यंत्रणा लिनक्सची नव्हती, चुकीचा प्रकारही माझ्या युक्तीपेक्षा वेगळा. पण हल्ला नाही, चोर नाही, एकविसाव्या खणात घातलेला एक हात. आणि रुग्णालयांपासून बँकांपर्यंत रांगा.

मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली सांगितलं की त्यांच्या सुरक्षेतल्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या स्मरणाच्या गोंधळातून येतात. गूगलच्या क्रोम ब्राउझरवर काम करणाऱ्यांनीही २०२० साली गंभीर त्रुटींबद्दल जवळजवळ हाच आकडा दिला. म्हणून काही जण म्हणतात, सी भाषाच सोडा. रस्ट नावाची नवी भाषा आहे, ती खणांची मर्यादा स्वतःच सांभाळते, आणि डिसेंबर २०२२ पासून लिनक्समध्ये तिलाही जागा मिळाली आहे. नवं घर नव्या पद्धतीनं बांधावं, हे खरंच. पण राहती घरं एका दिवसात पाडता येत नाहीत. त्या तीन कोटी ओळींवर आज माणसांचे संसार चाललेत. तोवर जुन्या घराच्या दारांना कड्या बसवायचं काम कुणीतरी करायला हवं. आणि ते कंटाळवाणं काम आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत. जी दुर्घटना टळली तिची बातमी होत नाही.

माझ्या मनात मात्र राहून राहून येतं ते वेगळंच. माझी युक्ती चालत होती तोवर तिला सगळे हुशारी म्हणत होते, मीही म्हणत होतो. ‘एक’ हा आकडा खोटा आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक. म्हणून त्यात वावगं काही वाटत नव्हतं. पण ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्यावर, म्हणजे त्या पहारेकऱ्यावर, सगळी भिस्त होती. आणि पहारेकरी आंधळा झाला की भरपाई कुणाला करावी लागते? आमच्या सोसायटीत ती मावशीला करावी लागली असती. ती बोलली, म्हणून वाचली. मग ती तात्यांना करावी लागली.

तात्या आता नाहीत. त्यांच्या मुलानं जुन्या वह्या रद्दीत काढल्या तेव्हा मी एक मागून घेतली. गेल्या मे महिन्यात माझी विद्यार्थिनी आंब्यांच्या दिवसांत गावी आली होती. तिला ती वही दाखवली. तिनं ते पान काढलं, माथ्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मग एकेक ओळ मोजत खाली आली. बारा भरल्या. त्याखाली तात्यांनी एक आडवी रेघ मारलेली होती.

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘यांना कर्नलमध्ये घ्यायला हवं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘अगं, त्यांनी आधी तुझ्या सरांना घेतलं असतं, वही लिहायला शिकवायला.’’